गावाचा सौर प्रकल्प कुठे बसवायचा? पुणे जिल्ह्यातील ग्रामपंचायतींसाठी जागा निवडण्याची पद्धत

शेतीपंपांना दिवसा सौर वीज देणाऱ्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेखाली गावात प्रकल्प येणार असे कळले की पहिली चौकशी होते ती महावितरणच्या उपकेंद्रापासूनच्या अंतराची. खाजगी जमीन ५ किलोमीटरच्या आत आणि सरकारी जमीन १० किलोमीटरच्या आत असावी, असे योजनेचे सूत्र आहे. मग नकाशावर वर्तुळ काढले जाते आणि त्यातली ‘मोकळी’ जमीन शोधली जाते. पुणे जिल्ह्यात अशा वर्तुळात मोकळे दिसते ते बहुतेक गायरान, माळरान किंवा ओढ्याकाठची पट्टी. दुष्काळात जनावरे जगवणारी, पावसाळ्यात पाणी जिरवणारी आणि पुराला पसरायला जागा देणारी जमीन नेमकी हीच असते.

म्हणून खालची पद्धत उलट्या क्रमाने जाते. आधी पाणी आणि धोका, मग माती आणि चराई, शेवटी विजेची तार. ग्रामपंचायत, ग्रामसभेची समिती किंवा तालुक्याचे अधिकारी कोणीही ती वापरू शकतात. लागते ते गावाचा गटनकाशा, महावितरणकडून मिळणारे चार आकडे आणि गावातल्या जाणत्या माणसांसोबत दोन वेगवेगळ्या हंगामांत केलेली शिवारफेरी.

किती जमीन लागेल ते आधी काढा

विकासक (प्रकल्प उभारणारी कंपनी) २५ एकर मागतो म्हणून २५ एकर शोधायला निघू नका. महावितरणच्या उपविभागाकडे लेखी अर्ज करून तुमच्या ११ केव्ही कृषी वाहिनीची, म्हणजे उपकेंद्रातून शेतीपंपांकडे वीज नेणाऱ्या तारेची, माहिती मागा. उपकेंद्रातल्या मीटरवर गेल्या बारा महिन्यांत नोंदलेले युनिट, उन्हाळ्यातला सर्वाधिक भार, पावसाळ्यातल्या दिवसाचा सर्वांत कमी भार आणि पॉवर ट्रान्सफॉर्मरची शिल्लक क्षमता, एवढे पुरे.

पुणे परिसरात १ मेगावॉटचा प्रकल्प वर्षाला साधारण १५ ते १६ लाख युनिट देतो आणि त्याला ४ ते ५ एकर जागा लागते. वाहिनीचा वार्षिक वापर ४० लाख युनिट असेल तर गरज झाली सुमारे अडीच मेगावॉटची, म्हणजे १० ते साडेबारा एकर. त्याहून मोठी मागणी आली, तर जास्तीची वीज कुठल्या वाहिनीला जाणार हे विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

मंजूर भारावरून हिशेब करण्याचा मोह टाळा. ३०० पंप, प्रत्येकी ५ अश्वशक्ती, म्हणजे सुमारे १,१२० किलोवॉट, हे गणित कागदावर बरोबर आहे. पण कागदावर ३ अश्वशक्तीचा असलेला पंप विहिरीवर ५ चा असतो आणि सगळे पंप एका वेळी चालत नाहीत. मीटरवरचे युनिटच खरे. पावसाळ्यातला कमीत कमी भार मागायचे कारण वेगळे आहे. जुलैत ऊन पडले आणि पंप बंद असले, तर सगळी वीज उलटी उपकेंद्राकडे चढते. ट्रान्सफॉर्मरची क्षमता तेव्हा पुरली नाही तर वाहिनीवरचा दाब वाढतो, इन्व्हर्टर बंद पडतात आणि प्रकल्प उभा असूनही वीज वाया जाते.

छतांचा विचारही इथेच उरकून घ्या. शाळा, ग्रामपंचायत, दूध संकलन केंद्र यांच्या छतावर १ किलोवॉटला सुमारे १०० चौरस फूट जागा पुरते. कृषी वाहिनीची भूक त्यातून भागणार नाही, पण नळपाणी योजनेचे आणि दिवाबत्तीचे बिल हलके होते. पोल्ट्रीच्या शेडवर आणि कांदाचाळीवर मात्र सांगाड्याची तपासणी केल्याशिवाय पॅनेल चढवू नका. वळवाच्या वाऱ्यात ते पत्र्यासकट उडतात.

नकाशाचे तीन थर

गटनकाशा महाभूनकाशा संकेतस्थळावर पाहता येतो. प्रमाणित प्रत तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून घ्या. सोबत तलाठ्याकडून गाव नमुना १-अ (वन जमिनी), १-ब (सरकारी जमिनी) आणि १-इ (अतिक्रमणे) यांच्या नकला घ्या. क्यूजीआयएस ही मोफत संगणक प्रणाली वापरता येत असेल तर उत्तम. नाहीतर गटनकाशाच्या मोठ्या प्रतीवर ट्रेसिंग पेपरचे तीन थर ठेवले तरी काम होते.

पहिला थर पाण्याचा आणि धोक्याचा. नदीकाठी जलसंपदा विभागाच्या निळ्या आणि लाल पूररेषा उतरवून घ्या. निळी रेषा साधारण २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत काहीच नको. निळ्या आणि लाल रेषेच्या मधल्या पट्ट्यात पॅनेलचे खांब एक वेळ चालतील, पण इन्व्हर्टर, ट्रान्सफॉर्मर आणि नियंत्रण खोली लाल रेषेच्या बाहेरच हवी.

खरी अडचण ओढ्यांची असते, कारण बहुतेक ओढ्यांना पूररेषा आखलेलीच नसते. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याने केलेला हाहाकार नदीच्या पूररेषेत कुठेच दिसला नसता. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून सोडलेल्या विसर्गाने सिंहगड रस्त्यावरची एकतानगरी बुडाली. गावातल्या ओढ्यासाठी तीन ठिकाणी पाण्याच्या खुणा शोधा: पुलाचा कठडा, जुन्या विहिरीचे बांधकाम, काठावरच्या झाडात अडकलेला कचरा. गावातल्या वयस्कर माणसांनी दाखवलेली उंची आणि या खुणा जुळल्या की ती रेषा नकाशावर घ्या. त्या रेषेपासून ३० मीटर जागा दोन्ही बाजूंना मोकळी सोडा. सातबाऱ्यावर ‘पोटखराबा’ म्हणून नोंदलेला तुकडा बरेचदा जुना ओढाच असतो. विकासक तो सपाट करून मागतो, देऊ नका.

याच थरात भूजल पुनर्भरणाचे पट्टे येतात. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचे मुख्यालय पुण्यातच आहे आणि जिल्हा कार्यालयाकडून पाणलोटाचे नकाशे मिळतात. पाझर तलावाच्या आणि गावविहिरीच्या वरच्या अंगाला असलेले मुरमाड माळ नकाशावर लाल करा, म्हणजे बाद धरा.

मावळ, मुळशी, राजगड (जुने वेल्हे), भोर, आंबेगाव, जुन्नर, खेड या तालुक्यांच्या पश्चिम भागात प्रश्न उताराचा आहे. ३० जुलै २०१४ ला माळीणवर डोंगर कोसळला आणि १५० च्या आसपास माणसे गेली. तिथे उतारावर जेसीबीने पायऱ्या काढून पॅनेल बसवणे हा विषयच नको. शिवाय पश्चिम घाटाच्या पर्यावरणीय संवेदनशील क्षेत्राच्या मसुद्यात यातली बरीच गावे आहेत. आपले गाव यादीत आहे का ते आधी पाहा.

दुसरा थर मातीचा आणि चराईचा. इथे घाई केलेली सर्वांत महाग पडते. कालव्याच्या लाभक्षेत्रातली जमीन, म्हणजे दौंड-इंदापूरला खडकवासला कालव्याखालची आणि बारामतीला नीरा डाव्या कालव्याखालची, सरळ वगळा. उरते कोरडवाहू हलकी जमीन आणि माळरान. महसूल दप्तरात माळरान ‘पडीक’ असते, पण सुपे परिसरातल्या मयूरेश्वर अभयारण्यातला चिंकारा आणि पूर्वेकडच्या तालुक्यांत फिरणारा लांडगा याच गवताळ माळांवर जगतात. मेंढपाळांचे वाडेही इथेच उतरतात.

बारामती, पुरंदर भागातले धनगर दिवाळीनंतर मेंढरे घेऊन कोकणाकडे जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. सर्वेक्षण जानेवारीत केले तर माळावर ना कळप दिसतो, ना पालं. अहवालात ‘चराईचा वापर नाही’ असे वाक्य येते आणि जुलैत कळप परततात तेव्हा कुंपण उभे असते. म्हणून शिवारफेरी दोनदा करा: एकदा जानेवारी-फेब्रुवारीत आणि एकदा जुलै ते सप्टेंबरमध्ये. कळपांच्या वाटा, पाणवठे आणि वाडा बसण्याच्या जागा मेंढपाळांकडूनच नकाशावर काढून घ्या. सभेत बोलावले तर ते येतीलच असे नाही. माळावर त्यांच्याकडे जावे लागते.

गायरान देण्याआधी कायदा पाहा. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये जगपाल सिंग खटल्यात गावाच्या सामाईक जमिनींच्या संरक्षणाबाबत कडक निकाल दिला, आणि महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम २२-अ ने गायरानाचा वापर बदलण्यावर बंधन आहे. आदिवासी पट्ट्यात सामूहिक वनहक्काचे दावे प्रलंबित असतील तर ते गट बाजूला ठेवा. पुणे जिल्ह्याला विजेसाठी जमीन देण्याचा इतिहास नवा नाही. १९२१ चा मुळशी सत्याग्रह टाटांच्या जलविद्युत धरणाविरुद्ध झाला होता आणि सेनापती बापट त्याचे नेते होते. त्या वेळी विचारायचे राहून गेलेले प्रश्न आता ठराव होण्याआधी विचारता येतात.

तिसरा थर तारेचा. पहिल्या दोन थरांतून वाचलेल्या गटांपासून उपकेंद्रापर्यंतचा मार्ग आखा. सरळ रेषेतले अंतर फसवते. तार रस्त्याच्या कडेने जाते, ओढा ओलांडते, कोणाच्या तरी शेतातून जाते. प्रत्यक्ष मार्गाची लांबी मोजा आणि शेतातून जाणाऱ्या प्रत्येक खांबासाठी त्या शेतकऱ्याशी आधी बोला.

या थरांना गुण देऊन बेरीज करण्याची पद्धत प्रचलित आहे. ती वापरू नका. गुणांच्या बेरजेत ‘उपकेंद्र अगदी जवळ’चे दहा गुण ‘ओढ्याच्या पुरात’चे शून्य झाकून टाकतात. लाल म्हणजे बाद. वाचलेल्या गटांमध्येच अंतराने निवड करा. सगळेच बाद झाले, तर प्रकल्प छोटा करून दोन-तीन तुकड्यांत विभागा. योजनेत अर्ध्या मेगावॉटपासूनचे प्रकल्प बसतात.

खड्डा खणून पाहा

निवडलेल्या गटात चार कोपऱ्यांवर आणि मध्यभागी दीड मीटर खोल खड्डे घ्या. मुरूम लागला तर खांब ठोकून बसवता येतात आणि सिमेंट वाचते. काळी कसदार माती असेल तर सावध. ती पावसात फुगते, मे महिन्यात भेगाळते आणि खांब दर वर्षी थोडे थोडे वर उचलते. तीन-चार वर्षांनी पॅनेलची रांग वाकडी होते आणि काचांना तडे जातात. अशी जमीन शेतीसाठीच ठेवा. कठीण काळा पाषाण वर आला असेल तर आधी भोक पाडावे लागते, खर्च वाढतो, पण खांब हलत नाही.

सांगाडा वाऱ्यासाठी तपासून घ्या. भारतीय मानकानुसार पुण्याचा मूळ वाऱ्याचा वेग ३९ मीटर प्रति सेकंद धरतात. विकासकाच्या आराखड्यात हा आकडा आणि तो आयएस ८७५ च्या भाग ३ प्रमाणे आहे, असा उल्लेख हवा.

पॅनेलवरून पडणारे पाणी

जागेची निवड चांगली असूनही शेजारच्या शेताशी भांडण होते ते इथे. ५५० वॉटचे एक पॅनेल सुमारे २.५८ चौरस मीटरचे असते. १ मेगावॉटला अशी सुमारे १,८२० पॅनेल लागतात, म्हणजे ४,७०० चौरस मीटर काच. तासाभरात ५० मिलिमीटरचा वळीव पडला तर काचेवरून २ लाख ३५ हजार लिटर पाणी उतरते. पाऊस वाढलेला नसतो. तो फक्त खालच्या कडेच्या एका रेषेत पडतो. त्या रेषेत माती उखडते, घळ पडते आणि गाळ खालच्या शेतात जातो. त्यात जमीन सपाट करताना वरची सुपीक माती खरवडली असेल, तर उरलेला मुरूम पाणी धरतच नाही.

म्हणून कराराआधी पाच गोष्टी आराखड्यात लिहून घ्या.

१. पूर्ण जमीन सपाट करायची नाही. फक्त रस्ता आणि खोलीपुरते खोदकाम; निघालेली वरची माती साठवून परत पसरायची.

२. पॅनेलची खालची कड जमिनीपासून किमान १ मीटर उंच. खालून वारा खेळतो, गवत कापता येते, मेंढरू जाते.

३. पॅनेलच्या रांगा पूर्व-पश्चिम असतात. उतार दक्षिणोत्तर असेल तर रांगांमधल्या मोकळ्या पट्ट्यात ६० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल सलग समतल चर बसतात. उतार पूर्व-पश्चिम असेल तर पाणी रांगेच्या लांबीने धावते. तिथे दर १० ते १५ मीटरवर आडवा दगडी बांध घाला.

४. पहिल्या पावसाआधी गवत पेरायचे. मारवेल आणि स्टायलो दोन्ही चालतात. तणनाशक वापरायचे नाही. मेंढरे चारायला सोडा, शेळ्या नकोत; शेळी पॅनेलवर चढते आणि केबल चावते.

५. उताराच्या खालच्या टोकाला शेततळे.

शेततळ्याचा हिशेब पूर्वेकडच्या तालुक्यांसाठी करून पाहण्यासारखा आहे. वर्षाला ५०० मिलिमीटर पाऊस धरला आणि त्यातला दहावा हिस्सा उडून गेला असे मानले, तर ४,७०० चौरस मीटर काचेवरून सुमारे २,१०० घनमीटर पाणी उतरते. सरकारी योजनेतले ३० बाय ३० बाय ३ मीटरचे शेततळे सुमारे २,२०० घनमीटरचे असते. अर्धे पाणी चरांत जिरले तरी तळे निम्मे भरेल.

आता पॅनेल धुण्याला लागणारे पाणी पाहा. पॅनेलमागे २ लिटर धरले तर एका धुण्याला सुमारे ३,६०० लिटर लागतात. ऑक्टोबर ते मे या काळात महिन्यातून दोनदा धुतले तर सोळा धुण्यांना ५८ घनमीटर. म्हणजे शेततळ्याचा छोटासा भाग. त्यामुळे प्रकल्पासाठी नवी बोअर घेऊ द्यायचे कारणच उरत नाही. शिवाय पूर्व भागातले बोअरचे पाणी जड असते. त्याने धुतले की काचेवर पांढरा थर बसतो आणि उत्पादन घटते. पावसाचे पाणी गाळून वापरले तर ही अडचण येत नाही. धुलाई पहाटे करायची. तापलेल्या काचेवर गार पाणी पडले तर ती तडकते; शिवाय पहाटे कामगारांनाही उन्हाचा त्रास होत नाही.

उन्हाळा

एप्रिल-मे मध्ये दौंड, शिरूर, बारामतीत पारा ४० च्या पुढे जातो तेव्हा पॅनेलचे स्वतःचे तापमान ६५ अंशांपर्यंत चढते. २५ अंशांच्या वर प्रत्येक अंशाला साधारण ०.३५ टक्के उत्पादन घटते, म्हणजे अशा दुपारी सुमारे १४ टक्के. इन्व्हर्टर सावलीत आणि हवेशीर जागी हवा. वारा अडवणारी झाडे लावायची तर उत्तरेच्या हद्दीवर लावा. पश्चिमेची झाडे दुपारनंतर पॅनेलवर सावली टाकतात.

दिवसा वीज मिळाल्यावर विहिरींचे काय?

हा प्रश्न जागेच्या निवडीइतकाच मोठा आहे, आणि प्रकल्पाच्या फाइलमध्ये तो कुठेच नसतो. रात्रीच्या वीजपुरवठ्यात साप, थंडी आणि अंधार यांमुळे शेतकऱ्याचे हाल होतात. दिवसा आठ तास वीज मिळालीच पाहिजे. पण त्याचा पाण्यावर काय परिणाम होतो ते मांडून ठेवा. ५ अश्वशक्तीचा पंप ५० मीटर उंचीवर, निम्म्या कार्यक्षमतेने, आठ तासांत सुमारे १ लाख १० हजार लिटर उपसतो. वाहिनीवर ३०० पंप असतील तर दिवसाला ३३,००० घनमीटर. त्या वाहिनीखाली प्रत्येकी १,००० हेक्टरची चार गावे आणि ५०० मिलिमीटर पाऊस धरा: एकूण पाऊस २०० लाख घनमीटर. आपल्या बसाल्ट खडकात त्यातला दहावा हिस्सा जमिनीत मुरला असे मानले तर २० लाख घनमीटर. सगळे पंप पूर्ण वेळ चालले तर हे पाणी साठ दिवसांत संपते. कालव्याचे किंवा पाझराचे पाणी असेल तर जास्त पुरेल, आणि सगळे पंप रोज चालतही नाहीत. तरी दिशा स्पष्ट आहे. २०२३ च्या दुष्काळी तालुक्यांच्या यादीत बारामती, पुरंदर, दौंड, इंदापूर आणि शिरूर हे पाचही होते.

म्हणून प्रकल्पाच्या ठरावासोबतच ऑक्टोबरमध्ये पाण्याचा ताळेबंद मांडण्याचा ठराव करा. १ हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १० घनमीटर, एवढे सूत्र पुरते. रब्बीचे क्षेत्र त्या ताळेबंदावर ठरवा आणि ऊस ठिबकवर न्या. २००९ च्या भूजल कायद्यात ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर निर्बंध आहे, तो गावात मोठ्याने वाचून दाखवा. योजनेतून ग्रामपंचायतीला वर्षाला ५ लाख रुपये तीन वर्षे मिळतात. ते कमानीवर न घालता चरांवर आणि पाझर तलावाचा गाळ काढण्यावर घाला.

करार आणि ठराव

योजनेत भाडे हेक्टरी वर्षाला १ लाख २५ हजार रुपये किंवा शीघ्र गणकातील (रेडी रेकनर) किमतीच्या ६ टक्के, यातले जे जास्त असेल ते, आणि दर वर्षी ३ टक्के वाढ. सही करण्याआधी सातबाऱ्यावरचे सगळे सामाईक खातेदार, बहिणींच्या वारस नोंदी आणि सोसायटीचा बोजा तपासा. रखडलेले करार बहुतेक यातल्या एखाद्या नोंदीवर अडलेले असतात. भोगवटादार वर्ग २ ची (हस्तांतरणावर सरकारी निर्बंध असलेली) जमीन असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आधी. जमीन वाट्याने कसणारा कोणी असेल तर त्याचे नाव कुठल्याच कागदावर नसते; त्याला प्रकल्पात गवत कापणी, धुलाई, राखणीचे काम मिळेल असे कलम घाला.

मुदत संपल्यावर खांब, केबल आणि पॅनेल कोण काढणार, हेही लिहा. सौर पॅनेल १ एप्रिल २०२३ पासून ई-कचरा नियमांखाली येतात, त्यामुळे फुटकी पॅनेल ओढ्यात टाकणे बेकायदा आहे. काढण्याच्या खर्चाची ठेव पहिल्याच वर्षी बँकेत जमा करून घ्या. पंचविसाव्या वर्षी मागायला गेलात तर कंपनी त्याच नावाने असेलच असे नाही.

ग्रामसभेच्या ठरावात ‘गावाची हरकत नाही’ एवढेच वाक्य नको. मंजूर गट क्रमांक, नामंजूर गट क्रमांक आणि प्रत्येक नामंजुरीचे कारण लिहा. तीन थरांचा नकाशा जोडा. हाच नकाशा ग्रामपंचायत विकास आराखड्याला जोडा. तुम्ही पीएमआरडीएच्या (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) हद्दीत असाल तर विकास आराखड्यावर हरकती-सूचना मागवल्या जातील तेव्हा त्याची प्रत पोच घेऊन दाखल करा. एक प्रत तहसीलदारांना आणि एक महावितरणच्या कार्यकारी अभियंत्यांना द्या, म्हणजे पुढच्या प्रकल्पाचा विकासक गावात येईल तेव्हा त्याच्या हातातल्या यादीत लाल गट नसतील.